मधपेटीच्या दारावरची चित्रे

स्लोव्हेनियाच्या वायव्य भागात, आल्प्सच्या पायथ्याशी, राडोव्हल्यित्सा नावाचे एक टुमदार गाव आहे. तिथल्या जुन्या सरदारी वाड्यात मधमाशीपालनाचे संग्रहालय आहे. ते १९५९ साली सुरू झाले. या संग्रहालयात मी पहिल्यांदा गेलो तो मधमाश्यांविषयी काही पाहायला मिळेल म्हणून. पण तासभर खिळून राहिलो तो भिंतीवरच्या लहान लहान लाकडी फळ्यांसमोर. एका फळीवर सैतान फिरत्या सहाणेवर एका बाईच्या जिभेला धार लावत होता. शेजारच्या फळीवर संत फ्लोरियन जळत्या घरावर पाणी ओतत होता. त्याच्या पलीकडे जंगलातले प्राणी मेलेल्या शिकाऱ्याची अंत्ययात्रा मोठ्या थाटात घेऊन निघाले होते.

प्रत्येक फळी साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि १३ सेंटिमीटर उंच. चित्रे साधी, रंग ठळक, माणसांचे चेहरे एकाच साच्यातले. मात्र अनेक फळ्यांच्या खालच्या कडेला एक अरुंद खाच दिसत होती. चित्राशी तिचा काहीच संबंध लागेना. मग शेजारी ठेवलेला जुना खोका पाहिला आणि उलगडा झाला. ती खाच म्हणजे मधमाश्यांचे दार. ही चित्रे ज्या फळ्यांवर काढलेली होती त्या मधपेट्यांच्या दर्शनी फळ्या होत्या.

तेव्हापासून दोन प्रश्न माझा पिच्छा पुरवत आहेत. संत आणि सैतान, प्रार्थना आणि चावट विनोद हे सगळे एकाच भिंतीवर शेजारी शेजारी कसे नांदले? आणि शंभर-सव्वाशे वर्षे भरभराटीला असलेली ही कला इतकी चटकन का संपली? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे चित्रांत शोधण्यापेक्षा ज्या खोक्यावर ती लावली होती त्या खोक्यात शोधावीत, असे माझे मत बनले आहे. ते या लेखात मांडतो.

रेशीम आणि लाकूड

युरोपातल्या सजावटीच्या चित्रकलेला दोन टोके होती. एका टोकाला रेशीम. अठराव्या शतकातल्या उमराव स्त्रियांच्या हातातले रंगवलेले पंखे, चर्चच्या मिरवणुकीत मिरवले जाणारे ध्वज, ही रेशमावरची चित्रकला. तिच्यामागे पैसा होता, आश्रयदाता होता आणि बहुधा शिकलेला चित्रकारही होता. दुसऱ्या टोकाला लाकूड. नॉर्वेच्या दऱ्याखोऱ्यांतले वेलबुट्टीदार पेटारे, स्वीडनच्या डालार्ना प्रांतातले रंगीत लाकडी घोडे, आल्प्सच्या खेड्यांतली रंगवलेली कपाटे आणि पलंग, ही शेतकऱ्याच्या घरातली कला.

या घरगुती लाकडाचेही काही दंडक होते. लग्नात मुलीबरोबर जो पेटारा जायचा त्यावर फुले, हृदये, येशूच्या नावाची अद्याक्षरे असायची. तो पेटारा मंगल होता. त्यावर चहाटळपणा चालत नसे. चर्चच्या भिंतीवर काय असावे हे तर धर्मगुरूच ठरवत. मधपेटीची फळी या दोन्ही ठिकाणांहून वेगळी. ती घराबाहेर, फळझाडांच्या बागेत, उघड्यावर असे. ती देवाची नव्हती आणि माजघराचीही नव्हती. तिच्यावर कोणाचा पहारा नव्हता. पुढे जे चित्रविषय आपण पाहणार आहोत त्यांचे मूळ या मोकळीकीत आहे, असे मला वाटते.

खोका कसा होता

आजचा स्लोव्हेनियाचा मध्यभाग पूर्वी कार्निओला या नावाने ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राज्यात होता. तिथली जुनी मधपेटी 'क्रान्यिच' या नावाने ओळखली जाते. सहा साध्या फळ्यांचा हा बुटका, लांबट खोका: सुमारे ७० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम १५ सेंटिमीटर उंच. मधमाश्या आत छताला चिकटून पोळी बांधत. पुढची फळी काढता-घालता येई.

या आकाराचा मोठा फायदा म्हणजे खोके विटांसारखे एकावर एक रचता येत. शेतकरी बागेत छप्पर घालून एक शेड उभारी, त्याला 'चेबेल्न्याक' म्हणतात, आणि त्यात ओळींवर ओळी रचून ठेवी. उन्हाळ्याच्या अखेरीस कुट्टूची शेते फुलली की हेच खोके घोडागाडीवर लादून रात्रीच्या गारव्यात फुलोऱ्याकडे नेले जात. पोत्यासारख्या गोल टोपल्यांत माश्या पाळणाऱ्या प्रदेशांना हे इतके सोपे नव्हते.

आता ही शेड समोरून कशी दिसत असेल ते डोळ्यांसमोर आणा. तीन-चार ओळी, प्रत्येक ओळीत दहा-बारा खोके, आणि प्रत्येकाची फक्त पुढची फळी दिसते आहे. न रंगवता ठेवली तर ती नुसती लाकडाची भिंत. रंगवली तर चाळीस चित्रांची चित्रशाळा. ज्या शेतकऱ्याच्या घरात एखाददुसरी तसबीर असायची, त्याच्या बागेत चित्रांची अशी भिंत उभी राहिली ती या रचण्याजोग्या खोक्यामुळे.

मधमाशी हा त्या काळी जोडधंद्यातला महत्त्वाचा भाग होता. साखर महाग होती, म्हणून गोडीसाठी मध. आणि चर्चमधल्या मेणबत्त्यांसाठी मेण. मेणाला कायम गिऱ्हाईक होते. सम्राज्ञी मारिया तेरेसा हिने १७७५ साली फर्मान काढून मधमाशीपालनाला करातून सूट दिली. फळीवर दोन नाणी खर्च करण्याइतकी ऐपत शेतकऱ्याला आली ती या धंद्यातूनच.

कुंचला सोडून पोळ्याकडे

या प्रदेशात चित्रकला आणि मधमाशी यांची गाठ एका माणसाच्या आयुष्यातही पडलेली दिसते. आंतोन यान्शा १७३४ साली ब्रेझ्नित्सा या खेड्यात जन्मला. घरी मधपेट्या होत्या आणि भावंडांच्या हातात चित्रकला होती. ही भावंडे व्हिएन्नाला कलाशाळेत शिकायला गेली. एक भाऊ, लोव्ह्रो, पुढे तिथेच चित्रकलेचा प्राध्यापक झाला. आंतोनने मात्र शिक्षण घेऊनही कुंचला बाजूला ठेवला. व्हिएन्नात मधमाशीपालनाची शाळा निघाली तेव्हा तो तिथे शिक्षक झाला. दरबाराने नेमलेला पहिला मधमाशी-शिक्षक.

१७७१ साली मोहोळ उठण्याच्या प्रक्रियेवर त्याचे पुस्तक निघाले. १७७३ साली, चाळिशीही गाठण्याआधी, तो तापाने वारला. त्याचा दुसरा, सविस्तर ग्रंथ १७७५ साली, मृत्यूनंतर छापला गेला. नर माश्या पोळ्यात पाणी भरतात अशी तेव्हा समजूत होती. यान्शाने सांगितले की त्यांचे काम राणीमाशीशी संयोग करणे हे आहे आणि तो पोळ्याबाहेर, हवेत उडताना होतो. पुस्तकी पंडितांनी कल्पनेने भरून काढलेली जागा या खेडुताने नुसत्या निरीक्षणाने भरून काढली.

रंगवलेल्या फळ्यांची सुरुवात यान्शाने केली असे मात्र कोणी समजू नये. आज माहीत असलेली सर्वांत जुनी फळी १७५८ सालची आहे. तिच्यावर मारियामातेचे चित्र आहे. त्या वर्षी यान्शा चोवीस वर्षांचा होता. प्रथा त्याच्या आधीच गावात रुजत होती. माश्यांकडे आणि रंगाकडे सारख्याच आस्थेने पाहणारा समाज तिथे होता, आणि यान्शा त्याच समाजातून आला, असा क्रम लावणे अधिक योग्य.

रंगवणारे हात

प्रथा पसरली ती मुख्यतः गोरेन्य्स्का म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ कार्निओलात आणि शेजारच्या कारिंथियात. १८२० ते १८८० हा तिचा भरभराटीचा काळ. एकूण पन्नास हजारांवर फळ्या रंगवल्या गेल्या असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांवरचे सहाशेहून अधिक वेगवेगळे विषय नोंदवले गेले आहेत.

चित्रकारांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला कळणार नाहीत, कारण फळीवर साल घालायची रीत होती, सही करायची नव्हती. काही जण पेटारे आणि कपाटे रंगवणारे कारागीर होते, काही काचेवर देवादिकांची चित्रे काढणारे. क्रान्य गावात लेओपोल्ड लायर या नावाजलेल्या चर्च-चित्रकाराची कार्यशाळा होती. काही चांगल्या हाताच्या फळ्या तिच्या वर्तुळातल्या मानल्या जातात. सेल्त्सा गावी मारिया पावलिच नावाची बाई फळ्या रंगवत असे. बायकांची टिंगल करणाऱ्या चित्रांविषयी पुढे लिहायचे आहे, म्हणून या धंद्यात एक बाईही होती हे आधीच नोंदवून ठेवतो.

साहित्य साधे होते. स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडाची फळी, गेरूसारखे मातीचे रंग, काजळी आणि जवसाचे तेल. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून सुकते आणि त्याचा कडक पापुद्रा धरतो. म्हणूनच बागेतल्या उन्हापावसात उभ्या राहिलेल्या या फळ्यांवरचे रंग शे-दोनशे वर्षांनंतरही ओळखू येतात. जिथे रंग गेला आहे तिथे लाकडाच्या रेषा उठून आल्या आहेत. चित्रांचे नमुने चर्चमधून, जत्रेत विकल्या जाणाऱ्या छापील चित्रांतून, बायबलमधल्या मुद्राचित्रांतून घेतलेले. एकच नमुना पुनःपुन्हा उतरवताना तो सोपा होत जाई. मागची झाडे गळत, माणसे कमी होत, आणि शेवटी दहा पावलांवरून ओळखू येईल एवढाच गाभा उरे.

संत, सैतान आणि शिंपी

निम्म्याहून जास्त फळ्या धार्मिक आहेत. मारियामाता तर हवीच. संत फ्लोरियन आगीपासून वाचवणारा; लाकडी घरे आणि गवती छपरे असलेल्या मुलखात त्याचे महत्त्व सांगायला नको. ईयोब हा मधमाशीपालकांचा राखणदार. बायबलमधला हा पुरुष अंगभर व्रण घेऊन उकिरड्यावर बसलेला असतो. लोककथेप्रमाणे त्याच्या व्रणांतल्या अळ्यांच्या मधमाश्या झाल्या. उकिरड्यावर बसलेला रोगी माणूस गोड मधाच्या दारावर का, याचे कोडे या कथेने सुटते.

उरलेल्या फळ्यांवर मात्र वेगळेच जग आहे. म्हाताऱ्या बायकांना वरून टाकले की खालून तरण्या होऊन बाहेर पडतात अशी गिरणी, आणि आपापल्या बायकोला घेऊन तिथे आलेले नवरे. एका विजारीसाठी हमरीतुमरीवर आलेल्या बायका. गोगलगाईला पाहून धूम ठोकणारा शिंपी. शिकाऱ्याची हजामत करणारा कोल्हा. पेगाम आणि लाम्बेर्गार या लोकगीतातल्या दोन वीरांचे द्वंद्व. आणि अर्थात शिकाऱ्याची ती अंत्ययात्रा. हा शेवटचा विषय छापील चित्रांतून ऑस्ट्रियाभर पसरलेला होता. गुस्ताव मालरच्या पहिल्या सिंफनीतल्या शोकयात्रेमागेही असेच एक चित्र आहे. मालर १८८१-८२ मध्ये ल्युब्ल्यानाच्या नाट्यगृहात संगीत-संचालक होता, म्हणून कोणाला त्याचा संबंध थेट मधपेट्यांशी जोडण्याचा मोह होईल. तो आवरावा. ते चित्र तिथल्या मुलांच्या पुस्तकांतही होते.

या विनोदाची दिशा पाहण्यासारखी आहे. ज्यांची टर उडवली आहे ते शिंपी आहेत, शिकारी आहेत, तोंडाळ बायका आहेत. शेतकरी बैलामागे राबताना सावलीत बसून सुई चालवणारा शिंपी त्याला भित्रा वाटतो. जंगलातली शिकार हा पिढ्यानपिढ्या जमीनदाराचा हक्क होता. म्हणून प्राण्यांनी शिकाऱ्याला खांद्यावर न्यावे यात शेतकऱ्याला गंमत वाटते. राहिल्या बायका. तिथे मात्र हसणारा दुबळा नाही. घरातला धनी घरातल्याच माणसाला हसतो आहे. लोककला म्हटली की ती निरागस, असे आपण गृहीत धरतो. जिभेला धार लावणाऱ्या सैतानाचे चित्र पाहताना मलाही हसू आले, आणि मग ज्या घराच्या बागेत ते टांगले होते त्या घरातली बाई रोज त्याच्यासमोरून जात असेल, हे मनात येऊन हसू ओसरले. इतिहास लिहिणाऱ्याने हे दोन्ही नोंदवायला हवे.

अशी चित्रे पेटाऱ्यावर नाहीत आणि चर्चमध्ये तर नाहीतच. शहरातल्या पैसेवाल्यांच्या नेमबाजी मंडळांत रंगीत लाकडी निशाणे असत, त्यांवर थट्टामस्करी चाले; गावात तसे मोकळे लाकूड म्हणजे मधपेटी. आणि संतांच्या शेजारी बसूनही हा विनोद कोणाला खटकला नाही, कारण खोके सुटे होते. दोन चित्रे शेजारी होती ती रचणाऱ्याने ठेवली म्हणून. कुट्टूच्या शेतावरून परत आल्यावर क्रम बदललाही असेल. एकाच भिंतीवर असूनही प्रत्येक चित्र आपापल्या दारापुरते होते.

माशीला काय दिसत होते?

ही चित्रे काढायची कशाला, याचे शेतकरी देत आलेले उत्तर सरळ आहे: माशीला आपले घर ओळखता यावे म्हणून, आणि धन्याला आपले खोके ओळखता यावेत म्हणून. चाळीस सारख्याच दारांच्या भिंतीत चुकीच्या दारात शिरलेली माशी राखणदार माश्यांच्या तावडीत सापडू शकते. संयोग करून परतणारी राणी चुकली तर एक अख्खी वसाहत धोक्यात येते. तेव्हा दारे वेगवेगळी दिसणे उपयोगाचे होते यात शंका नाही.

माशीला रंग दिसतात हे विज्ञानाने सिद्ध केले ते पुष्कळ नंतर. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ च्या सुमारास करड्या रंगाच्या अनेक छटांच्या कागदांमध्ये एक निळा कागद ठेवला, त्यावर साखरपाणी दिले, आणि नंतर साखरपाणी काढून घेतले तरी माश्या त्याच निळ्याकडे येतात हे दाखवले. निळा, पिवळा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील रंग माशी ओळखते. लाल तिला रंग म्हणून दिसत नाही. तो तिला काळपट वाटतो.

म्हणजे तांबड्या अंगरख्यातला संत तिच्या लेखी एक गडद ठिपका. गिरणीचा विनोद तिला कळण्याचा प्रश्नच नाही. तिला एक निळा आणि एक पिवळा पट्टा पुरला असता. त्यापुढचे सगळे, म्हणजे चेहरे, कथा, सैतान, शिंपी, माणसाने माणसासाठी काढले. माशीची गरज हे निमित्त होते, आणि त्या निमित्ताच्या आडोशाने गरीब शेतकऱ्याने चित्रांची हौस भागवून घेतली. हौसेला उपयोगाचे कारण मिळाले की काटकसरी घरातही तिच्यावर खर्च होतो.

खोका बदलला

क्रान्यिचची एक मोठी उणीव होती. पोळी खोक्याला चिकटलेली असल्यामुळे ती कापल्याशिवाय बाहेर निघत नसत. आत रोग आहे का, राणी आहे का, हे नीट पाहता येत नसे. अमेरिकेत लँगस्ट्रॉथ याने १८५२ साली सुट्या चौकटींच्या मधपेटीचे पेटंट घेतले. चौकट आणि खोका यांत माशी जेमतेम जाईल एवढी, सेंटिमीटरच्या आसपासची फट ठेवली तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत, आणि चौकट सहज उचलता येते. जगभरच्या आधुनिक मधपेट्या याच तत्त्वावर चालतात; महाबळेश्वरच्या मध उत्पादकांच्या पेट्याही.

स्लोव्हेनियात विसाव्या शतकाच्या आरंभी आंतोन झ्निदेर्शिच यांनी अल्बर्टी या जर्मन मधमाशीपालकाच्या पेटीत सुधारणा करून नवी पेटी बनवली. ती कपाटासारखी मागून उघडते आणि चौकटी फडताळातल्या पुस्तकांसारख्या आत-बाहेर सरकतात. ती पूर्वीसारखीच शेडमध्ये रचता येते, म्हणून शेड टिकली. पण पेटी उंच झाली, तिचा दर्शनी भाग बदलला, आणि काढता-घालता येणारी ती लांबट सुटी फळी गेली. नव्या पेट्यांची तोंडे निळ्या, पिवळ्या, तपकिरी अशा सपाट रंगांनी रंगू लागली. माशीला तेवढेच पुरते, हे आपण पाहिलेच.

याच सुमारास कारखान्यात छापलेली रंगीत चित्रे खेड्यापाड्यांत स्वस्त झाली आणि पहिले महायुद्ध आले, ही कारणेही खरी. तरी मला खोक्याचे कारण मोठे वाटते. लोकांना संत नकोसे झाले नव्हते, विनोद संपले नव्हते. ज्या फळीवर ते काढायचे ती फळीच उरली नव्हती. मध जास्त मिळू लागला, माश्यांची निगा चांगली राहू लागली, आणि या चांगल्या गोष्टीची किंमत म्हणून एक कला गेली. यात दोष द्यावा असा कोणी नाही.

फळी उरली, भिंत गेली

फळ्या आज मुबलक जपल्या आहेत. ल्युब्ल्यानाच्या वांशिक संग्रहालयात आणि राडोव्हल्यित्सात त्या पाहता येतात. गोराझ्द माकारोविच यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांचे विषय, शैली आणि हात वेगळे काढण्यात आयुष्य घालवले. यान्शाच्या स्मरणार्थ २० मे हा जागतिक मधमाशी दिन म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०१७ साली जाहीर केला. २०२२ मध्ये स्लोव्हेनियातले मधमाशीपालन युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आले. कौतुकाला काही उणे नाही.

तरी एक गोष्ट हरवली आहे. काचेमागे फळ्या एकेकट्या किंवा विषयवार लावलेल्या असतात: संत एकीकडे, विनोद दुसरीकडे. शेतकऱ्याने त्या तशा कधीच पाहिल्या नाहीत. त्याच्यासाठी ती भिंत होती, आणि तिच्यातला क्रम त्याचा होता. सैतानाच्या डाव्या हाताला त्याने कोणता संत ठेवला? आगीच्या भीतीने फ्लोरियन वरच्या ओळीत ठेवला की मधोमध? फळी खोक्यापासून आणि खोका बागेपासून सुटला तेव्हा ही उत्तरेही त्यांच्याबरोबर गेली. म्हणून लोककलेची वस्तू जमवणाऱ्याने ती कुठे टांगली होती, तिच्या शेजारी काय होते, कोण तिच्यासमोरून रोज जात होते, हे वस्तूइतक्याच काळजीने लिहून ठेवावे. जिथे अशा वस्तू अजून मूळ जागी आहेत तिथे हे काम आजही करता येईल.

संग्रहालयातून निघताना मी दुकानातून शिकाऱ्याच्या अंत्ययात्रेची एक नक्कल विकत घेतली. सफाईदार काम आहे. रंग मूळ फळीपेक्षा उजळ. घरी येऊन ती पुस्तकांच्या कपाटावर ठेवली, तेव्हा लक्षात आले की तिची खालची कड सरळ, अखंड आहे. तिला खाच नाही.